तेवढा व्हिडिओ सोडून

"तेवढा व्हिडिओ सोडून सगळं दिलंय," कंपनीच्या वकिलाने, प्रणवने, मॅजिस्ट्रेटना तिसऱ्यांदा सांगितलं.

"आणि मला तेवढाच हवाय," सावनी म्हणाली.

तिच्या मागे तिच्या अशील विमलमावशी काठी धरून बसल्या होत्या. स्प्रिंगफील्ड लेक्स उपनगराजवळच्या या कंपनीच्या गोदामात त्या बारा वर्षं पॅकिंग करत होत्या. चार महिन्यांपूर्वी तिथेच पडल्या नि गुडघा कामातून गेला. ऑपरेशन कामगार भरपाईतून व्हायला हवं होतं. कंपनीचं म्हणणं, बाई जेवणाच्या सुट्टीत पडल्या, कामाशी संबंध नाही. कोर्टाला हे पटलं तर ऑपरेशन विसरायचं नि काठी जन्माची.

त्या पडण्याचा व्हिडिओ आहे, असं कंपनीच्याच कागदांत लिहिलं होतं. पण मागितला, की कधी सर्व्हर बंद, कधी मॅनेजर रजेवर. टोलवाटोलवीत ही मंडळी फार हुशार.

मावशींचं तर तिसरंच. जेवायच्या वेळी कोर्टाबाहेर त्या म्हणाल्या, "जाऊ दे ना गं व्हिडिओचं. क्रेग चांगला माणूस आहे."

क्रेग म्हणजे गोदामाचा मॅनेजर.

"मावशी, कर नाही त्याला डर कशाला? फ्लोअर ओला असणार, म्हणून लपवतायत. तुम्ही घसरलात ना?"

"पाय सटकला, एवढं खरं. पुढचं विचारू नकोस. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

मावशींनी डब्यातली थालीपिठं पुढे केली. सावनीला राग आला नि हसूही. असल्या भिडस्त माणसांमुळेच कंपन्यांचं फावतं.

दुपारी मॅजिस्ट्रेटनी आदेश दिला. व्हिडिओ उद्याच्या उद्या द्यायचा. शिवाय त्यासाठी सावनीला जे तीन अर्ज करावे लागले, त्यांची वकील फी कंपनीने भरायची. सावनीला उडी मारावीशी वाटली. वकिलाला कोर्टात उडी मारता येत नाही, म्हणून तिने नुसती मान तुकवली.

"काँग्रॅट्स," बाहेर पडताना प्रणव म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "बघून झाला की फोन कर."

दुसऱ्या दिवशी सावनीने मावशींना ऑफिसात बोलावलं, पेढे मागवले आणि व्हिडिओ लावला.

फ्लोअर ओला नव्हता. लख्ख कोरडा होता.

त्यावर मावशी आल्या. पिवळं जाकीट, सेफ्टी शूज, चेहरा खुललेला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, कुणीतरी ते धरले आणि मावशी गरागरा फिरू लागल्या.

"मावशी! फुगडी?"

मावशींनी पदराने तोंड झाकलं. "चोपन्नाव्या वर्षी काय सांगू गं कोर्टात?"

तीन अर्ज करून, भांडून, कंपनीच्या खर्चाने सावनीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. गेलं ऑपरेशन. तिने पेढ्यांचा बॉक्स बाजूला सारला.

शूटिंग करणारा कॅमेरा घेऊन मागे सरकला. आता फुगडीचा दुसरा गडी दिसला. लालबुंद झालेला, टाय खांद्यावर टाकलेला क्रेग. "फास्टर, विमल!" म्हणत त्याचा हात सुटला, मावशी आपटल्या आणि तो धडपडत मागच्या भिंतीवर जाऊन आदळला.

भिंतीवर भलामोठा बॅनर होता, खाली क्रेगची सही: "सेफ्टी वीक. लंच टाइम गेम्स. हजेरी सक्तीची."