वरचं चाक

खडू पुन्हा त्याच जागी घासला. धाकट्याने चाक थांबवलं, कड पुसली, हाताने परत फिरवलं आणि खडू कडेजवळ धरला. वीतभर पांढरी रेघ उमटली. बाकीच्या कडेला खडू शिवलाही नव्हता.

म्हणजे चाक लचकत होतं. पण का, ते काही कळेना.

कालपासून तो लाकूड कापायच्या बँडसॉच्या मागे लागला होता. मशीन सुरू केलं की टेबल थरथरायचं, त्यावरचे खिळे नाचत नाचत कडेला यायचे. आधी त्याने पातं उतरवलं. दोन चाकांवर ताणून बसवलेलं ते लांब गोल पातं निघाल्याबरोबर थरथर थांबली. पात्यातच खोट आहे म्हणून त्याने नवं चढवलं, तर थरथर परत हजर. पातं चांगलं, पण पात्याशिवाय थरथर नाही. त्याचं डोकं गरगरायला लागलं. पातं नसलं की वरचं चाक फिरतच नाही, एवढी साधी गोष्ट ध्यानात येईपर्यंत समोरचा चहा गार झाला होता.

मग तो वरच्या चाकाकडे वळला. बेअरिंग हलवून पाहिलं, घट्ट होतं. रबर धड होतं. शेवटी बॅटरी घेऊन तो आत डोकावला. एका आऱ्याच्या मुळाशी केसासारखी चीर होती. आरा किंचित मुरगळला होता आणि चिरेत लाकडाची बारीक ढलपी अडकली होती.

"सापडलं!" तो ओरडला. कारखान्यात ऐकायला कुणी नव्हतं.

पण दारातून आवाज आला, "काय सापडलं?"

दादा उभा होता. उजव्या हाताला अजून जाडजूड बँडेज होतं. त्यात आता तीनच बोटं होती. अपघातानंतर तो पहिल्यांदाच कारखान्यात आला होता.

"वहिनीने सोडलं तुला?"

"बाजारात गेलीय. तेवढ्यात आलो."

धाकट्याने त्याला हाताला धरून मशीनपाशी आणलं. "हे बघ, दादा. चाकाला चीर आहे. चाक लचकलं, पातं सरकलं, म्हणून तुझी बोटं गेली. 'लक्ष कुठे होतं तुमचं' म्हणून वहिनी येता-जाता तुला बोलते ना, तिला आता इथे आणून दाखवतो."

दादा वाकून बराच वेळ बघत राहिला. मग डाव्या हाताच्या नखाने त्याने ढलपी उपसून काढली.

"त्या दिवशी मशीन लोण्यासारखं चाललं होतं," तो म्हणाला. "थरथर नव्हती."

"मग ही चीर?"

"ही तू पाडलीस."

"मी?"

"फळी एकदम वळली, हात तिच्याखाली दाबला गेला. तू बटण बंद केलंस, पण चाकं काय लगेच थांबतात होय! पातं चालूच होतं. तू झाकण उघडलंस आणि दाराच्या चौकटीचा दांडा उचलून सरळ आऱ्यांत घातलास. कडाड्कन आवाज झाला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. नाहीतर दोन बोटांवर भागलं नसतं."

धाकट्याने मान हलवली.

"नाही, दादा. मी काहीच केलं नाही. भिंतीला टेकून नुसता उभा होतो. मला पक्कं आठवतंय."

"ते नंतर. दांडा घातल्यावर मागे सरकलास, भिंतीला टेकलास आणि खाली बसलास."

धाकट्याने आठवून पाहिलं. भिंत आठवली, पाठीला लागलेला तिचा गारवा आठवला. दांडा आठवेना. त्या दिवसापासून तो वहिनीच्या समोर मान वर करून उभा राहिला नव्हता. जेवायला वाढलं की ताट घेऊन बाहेर ओट्यावर जायचा. तो आपल्याच हातांकडे बघत राहिला. कुणाचे तरी उसने आणावेत तसे ते दिसत होते.

"मग फळी वळलीच कशाने?" त्याने विचारलं. "मशीन ठीक होतं म्हणतोस. तुझं लक्ष होतं?"

"होतं. समोरच बघत होतो."

"फळीत गाठ?"

"गाठ नव्हती, सरळ रेषांचं लाकूड होतं. रोज कापतो तसंच कापत होतो." दादाने चाकावर डावा हात ठेवला. "मलाच कळत नाही रे. तू दोन दिवस खटपट करतोयस असं कानावर आलं. म्हटलं, तुला तरी सापडलं असेल."

धाकट्याने चाकाला हलका झटका दिला. पाय मुरगळलेल्या माणसासारखं ते फिरलं, मंदावलं, थांबलं.

मग दादा म्हणाला, "एक काम कर. हे गळ्याचं बटण लाव माझं. डाव्या हाताने जमत नाही, आणि दर वेळी तुझ्या वहिनीला काय सांगायचं."

धाकट्याने विजारीला हात पुसले आणि पुढे झाला. त्याने बटण काजात घालायला घेतलं, ते निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं.

"दादा, हलू नकोस ना."

"मी कुठे हलतोय?" दादा म्हणाला.