बाईंची स्लाइड

“ही निळी कशी काय?” बाईंनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

बाजूला उभी असलेली घाई स्क्रीनजवळ वाकली. ‘घाई’ हे नाव तिला बाईंनीच ठेवलं होतं, ती मेडिकल कॉलेजच्या या लॅबमध्ये नवी लागली तेव्हा. मग सगळे ‘बाई आणि घाई’ म्हणून चिडवायचे. बाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आज त्या पेशंट म्हणून आल्या आणि सरळ आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या. अडवायची कुणाची छाती नव्हती. स्क्रीनवरची पेशींची गर्दी त्यांच्याच पोटातल्या गाठीची होती.

शांत पेशीला निळी खूण, दुभंगणाऱ्या पेशीला लाल, एवढंच काम. लाल जितक्या जास्त, तितकी गाठ माजलेली आणि तितके हातातले दिवस कमी. एरवी तासाभरात उरकलं असतं. या स्लाइडला घाईने तीन दिवस लावले आणि आकडा लिहिला, सात.

“शंका होती, बाई. शंका असली की निळी दिली.”

“संशयाचा फायदा गाठीला? कोर्ट आहे का हे?”

बाईंनी माऊस ओढून घेतला. हाताची नुसती काडी झाली होती, पण नेम चुकत नव्हता. “ही लाल आधी काढ. मेलेली पेशी आहे ही, मोजायची नाही.” सातचे सहा झाले. तेवढ्यानेही घाईला धीर आला. मग बाई एकेक निळी पुसून लाल करू लागल्या.

“हिच्या गुणसूत्रांचे धागे जाड झालेत बघ. ही तर दोन टोकांना ओढली गेलीय, आंधळ्यालाही दिसेल. तुला दिसली नाही?”

“दिसली,” घाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “मला नाही लिहवत तो आकडा.”

बाईंनी शेवटची लाल खूण केली. तेवीस झाल्या. “सात लिहिलंस तर डॉक्टर सातचं औषध देतील. गाठ तेवीसचीच राहील.”

“तेवीसला औषध आहे?”

“ते मला विचारू नकोस. तू मोजणारी, मोज.”

घाईने नाक पुसलं, सात खोडलं, तेवीस लिहून खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

बाई मात्र उठल्या नाहीत. स्लाइड इकडून तिकडे सरकवत राहिल्या आणि घाईने आधीच लाल केलेल्या एका पेशीपाशी थबकल्या. सगळे धागे मधोमध एका रेषेत उभे, पुस्तकातल्या चित्रात असतात तसे.

“अगं, ही बघ, ही बघ!” बाईंचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. “तीस वर्षं शोधत होते मी अशी, मुलांना दाखवायला. फोटो काढून ठेव. पुढच्या वर्षी शिकवताना लागेल तुला.”