सौजन्याचा तास

धडगावकडच्या डोंगरातून जीपने नानीबाई पुन्हा पोलिसांकडे आली होती. मुकादमानं ऊसतोडीला गुजरातेत नेलेली तिची लेक आशा होळीलाही घरी परतली नव्हती आणि मुकादम फोन उचलत नव्हता. दर खेपेला "साहेब कामात आहेत" एवढं ऐकवून तिला व्हरांड्यातूनच परत पाठवत.

आज मात्र हवालदार स्वतःहून उठला आणि तिला थेट हॉलमध्ये घेऊन गेला. आत साहेबलोकांचं नीतिमत्तेचं शिबिर चाललं होतं, चहा-काजूसकट. एका मोठ्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं पाणी दिलं आणि "मावशी, घाबरू नका, सगळं सांगा," असं इतक्या मायेनं म्हटलं की तिला रडूच आवरेना. मध्ये एकदाही न अडवता त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ती थांबली तशा हॉलभर टाळ्या वाजल्या.

"साहेब, मग पोरीला आणायला कधी निघायचं?" नानीबाईनं हात जोडून विचारलं.

 

शिकवायला आलेल्या मॅडम हवालदाराकडे वळल्या. "बाईंना जेवायला घाला. दुपारच्या तुकडीलाही तक्रारदार म्हणून यांनाच बसवू, अगदी खरं रडतात."