जन्मखोड

नीळकंठरावांनी सवयीने गाडीच्या दाराला गुडघा मारला आणि हँडल जोरात ओढलं. दार इतक्या मुकाट्याने उघडलं, की ते मागच्या कुंडीवर बसता बसता वाचले.

"बाबा, सांभाळून!" मागच्या सीटवरून सत्यजित ओरडला.

पोराची अट साधी होती. साकेत नगरातल्या बागेला एक राउंड मारायचा. नीट मारला तर किल्ली बाबांकडे, नाहीतर गाडी विकायची. "अठ्ठ्याहत्तर कंप्लीट झाली तुम्हाला. रिस्क कोण घेणार?"

रिस्क म्हणे! अख्खी नोकरी ज्याने या गाडीतून केली, त्याला ऐकवतोय! कारखान्यातूनच खोडी घेऊन आलेली गाडी ती. एकेक खोड नीळकंठरावांना बायकोच्या स्वभावासारखी पाठ. डावं दार तर आतून कधी उघडलंच नाही. लग्नापासून तेच वळसा घालून यायचे, तेव्हा कुठे नलिनीबाई उतरायच्या.

आताही नलिनीबाई डावीकडे पदर सावरून बसल्या होत्या. गाडी कालच गोविंदपुऱ्याच्या गॅरेजमधून पॉलिश होऊन आली होती. नुसती चकाचक!

नीळकंठराव निघाले. गाडी उजवीकडे ओढते म्हणून त्यांनी नेहमीसारखं स्टिअरिंग जरा डावीकडे धरलं, तर गाडी थेट बागेच्या कुंपणावर! त्यांनी घाबरून ब्रेक दाबला. एरवी दोनदा दाबल्याशिवाय न लागणारा ब्रेक पहिल्यालाच खाडकन लागला. नलिनीबाईंचं कपाळ समोर आपटायचं राहिलं.

हे चाललंय तरी काय? गाडी आपलीच ना? की आपलंच डोकं...? परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, ते त्यांना नेमकं आत्ता आठवलं.

"बघितलंस ना आई? म्हणूनच म्हणत होतो." सत्यजितने हात पुढे केला.

नीळकंठरावांनी किल्ली काढून दिली.

"आणि मी एवढी दुरुस्त करून आणली," सत्यजित चुकचुकला. "दरवाजे, स्टिअरिंग, ब्रेक, सगळं एकदम परफेक्ट. म्हटलं, बाबांना सरप्राइज!"

नलिनीबाईंनी मान वळवून लेकाकडे नीट पाहिलं.

"दुरुस्त?" नीळकंठराव गोंधळून म्हणाले. "तिला काय झालं होतं?"

ते खाली उतरले आणि बॉनेटवर हात टेकत, हळूहळू वळसा घालू लागले.

"आई, अगं उतर ना. तुझं दार आता आतून उघडतं."

नलिनीबाईंनी हँडलला हातही लावला नाही.

"बाबा येतायत," त्या म्हणाल्या. "तोवर ती किल्ली इकडे दे."