कावळ्याच्या जातीचा

सुरय पुन्हा निसटला. कृष्णराजनं चडफडत कॅमेरा खाली घेतला.

बेंबळी गावाजवळच्या तलावावर तो सकाळपासून बसला होता. हा पाणपक्षी उडता उडता असा वळतो, की चोच पिवळी की नारिंगी, पोट पांढरं की काळं, हे कळेपर्यंत गायब. नदी सुरय असला तर नेहमीचा. काळ्या पोटाचा असला तर दुर्मीळ. कृष्णराज जवळच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा; पाखरांचे सर म्हणून लोक त्याला ओळखत. खात्री झाल्याशिवाय तो पाखराचं नाव घेत नसे. मित्र त्याला 'पंचनामा' म्हणत.

थोड्या अंतरावर दशक्रिया चालली होती. हार घातलेला फोटो, पानावर भाताचा पिंड आणि ताटकळलेली माणसं. बलभीम नावाचा तरुण बायकोशी भांडून घराबाहेर पडला होता. चपला या काठावर सापडल्या, प्रेत सापडलं नाही. शेवटी घरच्यांनी दर्भाचा पुतळा जाळला. आता कावळा काही पिंडाला शिवत नव्हता.

"दर्भाचाच कावळा करा अन् शिवा," कुणीतरी कंटाळून म्हणालं.

"न्हाय." बलभीमची बायको शिवकन्या कुंकू न पुसताच बसली होती. "जित्ता कावळा पायजे. पाण्याला भेणारा माणूस त्यो. हिरीत वाकून सुदीक बगत नव्हता. कावळा शिवत न्हाय म्हंजी त्यो जित्ता हाय कुठंतरी."

सासरे हरिबा डोकं धरून बसले.

तेवढ्यात सुरय आला. काठालगत मासोळीवर सूर मारला आणि उठताना त्याच्या पंखाचं टोक पिंडाला लागलं. कृष्णराजचं बोट बटणावरच होतं.

"शिवला!" हरिबा ओरडले. "डोकं काळं हाय बगा. पाणकावळा हाय ह्यो!"

शिवकन्या तडक कृष्णराजकडे आली. "सर, तुमी पाखरांचं जाणता. खरं सांगा, ह्यो कावळा हाय?"

तिच्यामागं हरिबांनी हात जोडले होते. कृष्णराजला म्हाताऱ्याची फार दया आली. गेलेला माणूस का परत येणार होता? पोरीनं तरी किती दिवस आशेवर काढायचे?

"होय ताई," तो म्हणाला. "कावळ्याच्याच जातीचा."

ती मटकन खाली बसली. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्यांच्या आक्रोशापुढं दुसरं काही ऐकू येईना. ते बघवेना म्हणून कृष्णराजनं डोळा कॅमेऱ्याला लावला. सुरय आता पाण्याच्या मध्यावर भिरभिरत होता. कृष्णराज नुसतं बटण दाबत राहिला.

मग माणसं टेंपोत बसून निघून गेली. तलाव एकदम गप्प झाला. कृष्णराजनं लिंबाच्या सावलीत बसून एकेक फोटो मोठा करून पाहिला. चोच नारिंगी. पोट काळं. मनाला खोटं टोचत होतं, तरी त्याला आनंद झालाच.

पुढच्या फोटोत पंखामागं पलीकडचा काठ आला होता. तिथं बाभळीखाली एक माणूस उभा होता, अनवाणी. कृष्णराजनं चेहरा मोठा केला. सकाळपासून तो हाच चेहरा हारामागं पाहत होता.

त्यापुढच्या फोटोत त्या माणसाचे दोन्ही हात वर होते, तोंड उघडं होतं. मग तो गुडघाभर पाण्यात होता. मग छातीइतक्या.

शेवटच्या फोटोत नुसता सुरय होता.