दहाला निघतं, बाराला पोचतं

"लंडनहून विमान दहाला निघतं, पॅरिसला बाराला पोचतं. प्रवास किती तासांचा?"

श्रीरंगरावांनी प्रश्न टाकला. संजीवने पोह्यांचा चमचा खाली ठेवला.

"दोन तास, काका." क्षणभर विचारसुद्धा केला नाही त्याने.

झालं! मालिनीबाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. प्रतिमाला सत्ताविसावं सरत आलं होतं. सन शहाऐंशीच्या, अमेरिकेतल्या अर्विंगमध्ये मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून स्थळं बाहेरगावची बघावी लागत. हा पार पूर्वेकडच्या कॅरीहून आला होता. औषधांच्या कंपनीत चांगल्या पोस्टवर, बोलायला शांत, दिसायलाही बरा. पण या घरात जावई व्हायचं तर हा एक प्रश्न ओलांडावा लागे. कंपनीने श्रीरंगरावांना एकदा पंधरा दिवस युरोपला काय पाठवलं, तेव्हापासून युरोप म्हणजे यांच्या परसातलं दोडक्याचं आळं!

"अंतर माहीत आहे का? दोनशे मैलांच्या थोडं वर. त्याला दोन तास? विमान आहे की बैलगाडी?"

संजीवने चमचा पुन्हा उचलला.

"अरे, पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे! प्रवास तासाभराचा. आज इथे येताना तू घड्याळ मागे केलंस ना?"

"केलं, काका. विमानातच."

"मग अक्कलही विमानातच राहिली वाटतं."

संजीवचे कान लाल झाले. त्याने एकदा प्रतिमाकडे पाहिलं. ती मान खाली घालून बशीतलं खोबरं चमच्याने गोळा करत होती.

मालिनीबाईंनी नवऱ्याला किचनमध्ये खेचलं. "अहो, मुलगा सोन्यासारखा आहे. पोरीचं लग्न विमानाशी लावायचंय का?"

"दगड आहे दगड! आधीचे दोघेही तसलेच. तिघांचं उत्तर तेच, दोन तास! या पोरांच्या डिग्र्या रद्दीत घाला. असल्या बावळटाला मी मुलगी देणार नाही, सांगून ठेवतो."

बाहेर येऊन ते संजीवला गोड हसून "कळवतो हं" म्हणाले. या शब्दाचा अर्थ कुठल्याही मराठी मुलाला सांगावा लागत नाही.

प्रतिमाच त्याला एअरपोर्टवर ड्रॉप करून आली. मालिनीबाई पदराने डोळे पुसत बसल्या होत्या. "तुझ्या बाबांपायी तू अशीच राहणार गं."

"इट्स ओके, आई. रडू नकोस ना." तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला. "सांता क्लाराचा तो शैलेंद्र येतोय ना शनिवारी? बघू."

केवढी समजूतदार पोर! मालिनीबाईंना आणखीच भरून आलं.

प्रतिमा आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि फोन फिरवला.

"हाय शैलेंद्र, प्रतिमा बोलतेय. ऐक, तुझ्यासाठी पेपर फोडतेय, कुणाला बोलू नकोस. बाबा लंडन-पॅरिस फ्लाइटचा प्रश्न विचारतात. त्यात ट्रिक आहे. ते दोन्ही वेळा लंडनच्याच घड्याळाने सांगतात, त्यामुळे एक तास म्हणून सगळे फसतात. तू बेधडक दोन म्हण."