येते म्हणावं

"जाते," म्हणत मुलगी खुर्चीतून उठली.

"जाते नाही गं, येते म्हणावं," दाराशी थांबलेली आई हसून म्हणाली. "कितीदा सांगायचं. पालथ्या घड्यावर पाणी."

समुपदेशक मॅडमही हसल्या. सहापैकी तीन भेटी संपल्या होत्या. सातवी द्यायची समुपदेशन केंद्राची पद्धत नव्हती, बाहेर रांग होती. सहा भेटींत पोरांचं काय भलं होणार, असं वाटून मॅडमना कधीकधी स्वतःचाच राग येई.

मुलगी पंधरा वर्षांची. शाळा बुडालेली, मैत्रिणी तुटलेल्या, घरात दोघीच. आज कसं वाटतंय, दहापैकी किती? पहिल्या भेटीत ती म्हणाली होती, "दोन." पुढचं वाक्य यायला तिसरी भेट उजाडली. "आईला एकटीला सोडवत नाही मला."

"का?"

"नाही सोडवत. बस."

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? चांगली ठणठणीत आहे."

मॅडमना धागा सापडला. पुन्हा शाळेत जायचं, तिथून दर तासाला आईला फोन करायचा नाही. आपल्या खोलीत झोपायचं, दार लावून. मुलगी रडली, चिडली, पण करू लागली. दोनाचे चार झाले, चाराचे सात.

सहाव्या भेटीला ती बॅग घेऊनच आली. शाळेचं आठ दिवसांचं शिबिर होतं.

"अजून भीती वाटते," ती म्हणाली. "पण आईच म्हणते, जा."

मॅडमना भरून आलं. इतकं क्वचितच कुणाचं जमे.

खालून मैत्रिणीची हाक आली. "येते," मुलगी म्हणाली आणि जिना उतरलीसुद्धा.

आई मागे थांबली. तिने मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला.

"माझ्यापायी अडकली होती हो पोर. तुम्ही मोकळी केलीत. जीव भांड्यात पडला माझा." मग म्हणाली, "एक करा. फॉर्मवर माझा नंबर आहे ना, तो खोडा. तिच्या मावशीचा घाला. काही लागलं तर तिलाच कळवा."

मॅडमनी नंबर लिहून घेतला, फाइल मिटली आणि कपाटात ठेवली. पुढची मुलगी दारात येऊन उभी होती.

"जाते मी," आई म्हणाली.